प्रीॲम्प ट्यूब कुठली घेऊ? आधी सांग वाजवतोस कुठे

गिटार ॲम्पच्या प्रीॲम्प ट्यूब (गिटारचा बारीक सिग्नल सुरुवातीला मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या) बदलायच्यात, कुठल्या ब्रँडच्या घेऊ, असा मेसेज मला अधूनमधून येतोच, कारण आमच्या ओळखीतल्या मंडळींमध्ये ट्यूबवाला ॲम्प अजून न विकलेला बहुतेक मीच उरलोय, बाकीच्यांनी कधीच मॉडेलर (ट्यूबवाल्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारी यंत्रं) घेतले आणि हेडफोन लावून सुखात आहेत. दर वेळी मी उलट विचारतो, बाबा तू वाजवतोस कुठे? समोरच्याला वाटतं हा टाळतोय. टाळत नाहीये रे. येऊरला बंगला असेल तर एक उत्तर आहे, वाशीच्या जॅमपॅडमध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, वाजवत असशील तर दुसरं, आणि माझ्यासारखा घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर टू बीएचकेत राहत असशील तर तिसरंच.

माझा ॲम्प म्हणजे फेंडर ब्लूज ज्युनियर. १५ वॉट, १२ इंची एक स्पीकर, आत तीन १२एएक्स७ (या प्रीॲम्प ट्यूब) आणि दोन ईएल८४ (या स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूब). १५ वॉट वाचून लोकांना वाटतं काय खेळणं आहे. खेळणं नाहीये, ड्रमरच्या बरोबरीने वाजतो तो. आणि या ॲम्पची जगजाहीर खोड अशी की व्हॉल्यूमचा नॉब अगदी खाली असतो तेव्हा काहीच नाही आणि दोनच्या जरा पुढे सरकवला की एकदम अंगावर येतो, म्हणजे मधली जी जागा आपल्याला घरात हवी असते तीच नेमकी नॉबच्या केसभर अंतरात कोंबलेली. तिथून केसभर पुढे गेलं की खालच्या मजल्यावरच्या आजींचा इंटरकॉम. "सुरू झालं वाटतं तुझं?" चिडत नाहीत त्या, नुसतं कळवतात, ते जास्त लागतं. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५, असा २००० सालचा नियम आहे, गणपतीत त्याचं काय होतं ते आपण सगळे ऐकतोच, पण डीजेवाल्याला जे माफ आहे ते गिटारवाल्याला नाही.

तर ट्यूब. पण त्याच्याही आधी एक गोष्ट, की ट्यूब खरंच गेलीये का ते बघा.

आपल्याकडे पावसाळा लागला, खाडीवरून ती चिकट हवा यायला लागली, की ॲम्पमधून मागे कुणीतरी कांदाभजी तळत असल्यासारखा आवाज सुरू होतो, आणि लोक लगेच ट्यूबची ऑर्डर टाकतात. बऱ्याचदा ट्यूब ठणठणीत असते, तिच्या पिनांवर आणि सॉकेटच्या आतल्या बारीक क्लिपांवर काळपट थर चढलेला असतो, एवढंच. यावर उपाय कॉन्टॅक्ट क्लीनरचा. ठाण्यात हार्डवेअरच्या दुकानात सीआरसीचा डबा मिळून जातो, नाहीतर ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर तर काय हवं ते. ॲम्प बंद, प्लग भिंतीतून काढलेला, ट्यूब हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, मग ट्यूब सरळ खाली ओढून काढायची (ब्लूज ज्युनियरमध्ये ट्यूब उलट्या टांगलेल्या असतात), गोल पिरगाळायची नाही, पिनांवर थोडासा क्लीनर, आणि तीच ट्यूब सॉकेटमध्ये हळू आत-बाहेर आत-बाहेर. नऊ पिना असतात आणि एका जागी मोकळी फट असते, त्यामुळे ती एकाच बाजूने बसते, जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय. स्प्रे सगळा वाळू द्या. आणि हे सगळं मागून हात घालून होतं, चॅसी, म्हणजे सर्किट असलेली पत्र्याची पेटी, उघडायची अजिबात गरज नाही. चॅसीच्या आत कपॅसिटरमध्ये ॲम्प बंद केल्यावरही तीनशे व्होल्टच्या आसपास थांबून राहू शकतात, ते माहीत असलेल्या माणसाचं काम. स्पीकरची वायर काढून ॲम्प चालू करू नका, हे सगळ्यांना माहीत असतं तरी परत सांगतो, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मर उडाला की मग ट्यूबच्या किमतीचं काही वाटेनासं होतं.

साफ करूनही खरखर आहे? मग कुठली ट्यूब ते शोधायचं. ॲम्प चालू, व्हॉल्यूम बेताचा, गिटार लावायची नाही, आणि लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका ट्यूबला हलकं टकटक करायचं. पहिल्या ट्यूबला थोडं टकटक ऐकू येणं नॉर्मल आहे, ते ऐकून घाबरू नका. पण टकटक केल्यावर घंटेसारखं टण्ण वाजून लांबत गेलं, किंवा खरखर सुटली, तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झालीये, म्हणजे तिच्या आतले पत्रे-तारा सैल होऊन हलतायत आणि तो हलण्याचा आवाज सिग्नल म्हणून पुढे जातोय. कॉम्बो ॲम्पमध्ये हे जास्त होतं कारण ट्यूब आणि स्पीकर एकाच खोक्यात, स्पीकर सगळं गदगदा हलवत असतो. आणि काचेच्या आत वर जो चंदेरी डाग असतो तो बघा, तो पांढरा दुधाळ झाला असेल तर आत हवा गेली, विषय संपला.

यानंतरची पायरी फुकट आहे आणि तीच कुणी करत नाही. प्रीॲम्पच्या तिन्ही ट्यूब सारख्याच आहेत ना, मग आपसात जागा बदला! ॲम्पमध्ये गिटारचा सिग्नल ज्या ट्यूबकडे सगळ्यात आधी जातो ती व्ही-वन, साधारण इनपुट जॅकच्या जवळची. तिथे जो काही हिस्स, जी काही खरखर जन्माला येते ती पुढच्या सगळ्या पायऱ्या मोठी करत नेतात. शेवटची व्ही-थ्री, ती फेज इन्व्हर्टर, सिग्नलच्या दोन उलटसुलट कॉप्या करून दोन ईएल८४ ना देते, तिथपर्यंत सिग्नल एवढा मोठा झालेला असतो की ट्यूबचा स्वतःचा बारीकसारीक आवाज त्यात बुडून जातो. म्हणजे जी ट्यूब व्ही-वनमध्ये वैताग आणते तीच व्ही-थ्रीमध्ये वर्षानुवर्षं गपगुमान काम करते. माझ्याकडे अशा दोन म्हाताऱ्या ट्यूब आहेत.

आणि हो, प्रीॲम्प ट्यूब ईएल८४ बरोबर सरसकट बदलायच्या नसतात. पॉवर ट्यूब झिजतात, त्यांच्यावर ताण असतो. प्रीॲम्पच्या ट्यूब आरामात दहा-दहा वर्षं जातात. त्यांना बायस सेट करायची, म्हणजे ट्यूबमधला करंट मोजून जुळवायची, भानगडही नाही, जुनी काढा नवी लावा. "पूर्ण सेट बदलून घ्या सर" म्हणणाऱ्या टेक्निशियनला नमस्कार करावा आणि घरी यावं.

आता खरेदीकडे येऊ. १२एएक्स७ ही मूळची अमेरिकेतल्या आरसीए कंपनीची, १९४७ सालची. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात, आणि ७०२५ लिहिलेलं दिसलं तर तीही तीच, स्वतःची खरखर कमी करणारी म्हणून वेगळा नंबर. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल मोठा करणारे दोन वेगळे भाग. नावातला १२ म्हणजे हीटरचे (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेचे) १२.६ व्होल्ट, पण मधून टॅप काढलेला असल्यामुळे ६.३ वरही चालते आणि गिटार ॲम्पमध्ये बहुतेक तशीच जोडलेली असते.

दुकानाच्या वेबसाइटवर गेलात की डझनभर ब्रँड दिसतील आणि प्रत्येकाखाली वर्णन, उबदार, मखमली, क्रीमी, हवेशीर. मखमली काय! साडी घेतोय का? हे वर्णन वाचून ट्यूब घेणाऱ्यांना मी एकच सांगतो की काचेवरचं नाव आणि कारखाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज नव्या बनणाऱ्या बहुतेक गिटारच्या ट्यूब तीन देशांतून येतात. स्लोव्हाकियात चात्सा नावाच्या गावात जेजेचा कारखाना आहे. रशियात साराटोवला एक कारखाना आहे, तो न्यू सेन्सर कंपनीचा, म्हणजे इलेक्ट्रो-हार्मोनिक्सवाले माइक मॅथ्यूज यांचा, आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सोवटेक, टंग-सोल, मुलार्ड, गोल्ड लायन अशी सगळी नावं तिथूनच निघतात. आणि तिसरा चीन. आताच्या मुलार्ड नावाच्या ट्यूबचा इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या जुन्या मुलार्ड कारखान्याशी नाव विकत घेण्यापलीकडे संबंध नाही. ट्यूब वाईट नाहीये ती, पण "ब्रिटिश टोन" म्हणून जास्त पैसे मोजताना हे माहीत असावं. शिवाय काही ॲम्प कंपन्या यांच्याकडूनच माल घेऊन आपला शिक्का मारतात.

मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंदी घातली तेव्हा जगभर सगळे जेजेच्या मागे धावले आणि किमती ज्या चढल्या त्या काही पूर्ण उतरल्या नाहीत. माल नंतर परत यायला लागला. पण त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, की व्ही-वनला चालेल अशी एक चांगली ट्यूब घरात असतेच.

मग आवाजात फरक पडत नाही का? पडतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही आणि तिन्ही जागी सारखा नाही. जेजेची ईसीसी८३एस मला थोडी जाड, वरची फ्रिक्वेन्सी किंचित दाबलेली वाटते, टेलिकास्टर गिटार असेल तर ते बरंच, हंबकर (जाड आवाजाचे पिकअप) असेल तर कधी कधी जरा घोंगडं पांघरल्यासारखं होतं. टंग-सोल जास्त चमकदार. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची मधली, काही तक्रार नाही, कौतुकही नाही. जेजेचीच ईसीसी८०३एस येते, लांब प्लेटवाली (प्लेट म्हणजे आतला धातूचा पत्रा), ती स्टुडिओत ॲम्पचं हेड आणि स्पीकरचं कॅबिनेट वेगळं असताना छान, पण लांब प्लेट हलते जास्त, कॉम्बोत तिचं माझं जमलं नाही.

पण हे ऐकायचं कसं? कारण ट्यूब काढा, दुसरी लावा, गरम होऊ द्या, यात जी दोन-चार मिनिटं जातात तेवढ्यात कानाला आधीचा आवाज आठवत नाही, आणि नवी ट्यूब महाग असेल तर ती चांगलीच वाजते, हा मानसशास्त्राचा भाग. यावर आमच्या बासिस्टने काढलेली युक्ती चांगली आहे. लूपर पेडलमध्ये (वाजवलेलं साठवून परत परत वाजवणारं पेडल) एक तुकडा वाजवून ठेवायचा, दोन कॉर्ड, एक लीड, एक अगदी हळू वाजवलेली ओळ. तोच तुकडा प्रत्येक ट्यूबमधून सोडायचा, म्हणजे बोटांचा फरक गेला. फोन एकाच जागी टेबलावर ठेवून रेकॉर्ड करायचं, नॉबला हात लावायचा नाही. आणि फाइलींना नावं दुसऱ्याने द्यायची. हे केल्यावर आमच्यातल्या "मला टेलिफंकन (जुन्या जर्मन ट्यूबचा ब्रँड) लगेच ओळखू येते" म्हणणाऱ्याची जी शांतता झाली ती बघण्यासारखी होती. व्ही-वनमधल्या फरकावर बऱ्यापैकी एकमत झालं. व्ही-थ्रीमधल्या ब्रँडवर कुणालाही काहीही धड सांगता आलं नाही, मलाही नाही.

म्हणून फेज इन्व्हर्टरसाठी "बॅलन्स्ड" (आतले दोन्ही भाग सारखे असलेली) ट्यूब म्हणून वरचे पैसे लावतात ते मी देत नाही. त्या सर्किटमध्ये दोन बाजूंचे रेझिस्टर मुळातच सारखे नसतात, फेंडर-मार्शलच्या नेहमीच्या डिझाइनमध्ये एक ८२ के (किलोओहम) आणि दुसरा १०० के असतो, आणि असं असूनच तर तो आवाज आपल्याला आवडत आलाय. सोन्याच्या पिना? आपल्या हवेत गंजत नाहीत हे खरं, पण सॉकेट साधंच आहे ना. "मॅच्ड" प्रीॲम्प ट्यूब हा तर शुद्ध विक्रीचा प्रकार. जास्तीचे पैसे द्यायचेच तर एकाच गोष्टीला द्या, व्ही-वनसाठी कमी नॉइज आणि कमी मायक्रोफोनिक म्हणून निवडून दिलेली ट्यूब. चांगला विक्रेता ती तपासून देतो.

आता माझा खरा मुद्दा. ब्रँड सोडा, टाइप बदला.

१२एएक्स७ चा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर, म्हणजे ट्यूब जास्तीत जास्त किती पट मोठं करू शकते तो आकडा, १००. त्याच नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये, तशाच पिन जोडणीच्या आणखी ट्यूब बसतात ज्यांचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करायची पट, कमी असतो. ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा ४४ च्या आसपास, १२एयू७ चा फक्त १७ ते २०. हे आकडे म्हणजे थेट आवाज तेवढा कमी असं नाही, प्रत्यक्ष सर्किटमध्ये १२एएक्स७ पण शंभरपट करत नाही, नेहमीच्या १०० के प्लेट रेझिस्टरला साठेकपट करते. पण अंदाजासाठी आकडे बरोबर दिशा दाखवतात.

ज्यांना हे खटकतं, म्हणजे "ॲम्पच्या डिझायनरने जी ठरवली तीच घालावी ना", त्यांच्यासाठी जरा इतिहास. फेंडरच्या जुन्या ट्वीड बासमन ॲम्पमध्ये, ५एफ६-ए सर्किटमध्ये, पहिल्या जागी १२एवाय७ होती. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी १९६२ मध्ये तेच सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ बनवला आणि पहिल्या जागी ईसीसी८३ घातली. गेन वाढला. सर्किट जवळपास तेच, पहिल्या ट्यूबसकट चार-दोन गोष्टी बदलल्या आणि दोन्ही ॲम्पचं व्यक्तिमत्त्व वेगळं झालं. मग आपण घरी तोच बदल उलट दिशेने केला तर काय बिघडलं?

ब्लूज ज्युनियरच्या व्ही-वनमध्ये ५७५१ लावली की पहिल्यांदा फार काही झालं असं वाटत नाही. आवाज तोच, थोडा सैलावल्यासारखा. मग हात नॉबकडे जातो आणि कळतं की अरे, आता दोन ते तीनमध्ये जागा आहे, जरा पुढे-मागे करता येतंय, आजींच्या आधी थांबता येतंय. ही ट्यूब मुळात औद्योगिक आणि लष्करी कामासाठी दणकट बनवलेली, त्यामुळे मायक्रोफोनिक कमी होते, कॉम्बोत हा फायदाच. हीटरला किंचित जास्त करंट घेते, ३०० च्या जागी ३५० मिलिॲम्प, एका ट्यूबने ट्रान्सफॉर्मरला काही होत नाही.

१२एवाय७ लावली की फरक कुणालाही कळतो. पहिल्या पायरीचा गेन जवळपास निम्मा. नॉब चार-पाचपर्यंत फिरतो, क्लीन, म्हणजे न फाटलेला, आवाज भरपूर, हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं यातला फरक छान दिसतो. पण एक लक्षात घ्या, हिने ॲम्प "लहान" होत नाही. मास्टर (एकूण आवाज ठरवणारा दुसरा नॉब) उघडा ठेवून व्हॉल्यूमचा नॉब पार दहावर नेला तर शेजारी तसेच उठतील, फक्त तिथे पोचायला वेळ लागेल. आणि ज्यांना व्हॉल्यूम वर, मास्टर खाली करून ॲम्पमधूनच डिस्टॉर्शन काढायचंय त्यांच्यासाठी ही ट्यूब उलटं काम करते, ते डिस्टॉर्शनच कमी होतं. अशा माणसाने १२एएक्स७ च ठेवावी आणि मास्टरवर लक्ष द्यावं. मी घरात क्लीन ठेवतो आणि घाण आवाज पेडलमधून काढतो, म्हणून मला चालतं. पेडलचा लेव्हल थोडा वाढवावा लागतो.

१२एयू७ मात्र व्ही-वनला नको. लावली तर जळत वगैरे काही नाही, पण भोवतीचे रेझिस्टर १२एएक्स७ च्या हिशोबाने बसवलेले असतात, हिला वेगळे लागतात, आणि आवाज अगदी मेलेला, मिळमिळीत येतो. १२एटी७ चं काहीसं तसंच, व्ही-वनला मला आवडली नाही, पण फेंडरच्या साठच्या दशकातल्या मोठ्या ॲम्पमध्ये फेज इन्व्हर्टरला हीच असायची, त्यामुळे व्ही-थ्रीला लावून बघायला हरकत नाही, जरा घट्ट आणि सरळ वाजतं.

जॅमपॅडला किंवा गिगला जाताना मी परत १२एएक्स७ लावतो. ड्रमर आला की हेडरूमपेक्षा (आवाज न फाटता वाढवायच्या जागेपेक्षा) धक्का लागतो. पाच मिनिटांचं काम आहे, फक्त गाडीतून उतरवल्यावर लगेच नाही आणि वाजवून झाल्यावर गरम असताना तर नाहीच.

जुन्या ट्यूबबद्दल न बोलता हा विषय संपणार नाही, कारण एनओएस, म्हणजे जुन्या काळात बनलेली पण न वापरलेली, हे शब्द ऐकले की आपल्या लोकांचे डोळे चमकतात. चमकावेत असं आपल्याकडचंच एक कारण आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्सने, आपल्या बीईएलने, १९६१ मध्ये बंगळुरूला रिसीव्हिंग व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह म्हणजे ट्यूबच) बनवायला सुरुवात केली, फिलिप्सच्या सहकार्याने. आणि इंग्लंडची मुलार्ड ही पण फिलिप्सचीच कंपनी. म्हणून परदेशातले ट्यूबवेडे बीईएलच्या ईसीसी८३ ला मुलार्डच्या नात्यातली समजून शोधत असतात. आणि आपण? आपण घर आवरताना भंगारवाल्याला देतो.

चरईत एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आता तिथे पुढच्या काउंटरवर मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो आणि काका मागे बसलेले असतात. मी विचारलं, काका, ईसीसी८३ मिळेल का?

"कशात लावणार?"

"गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये."

"रेडिओत नाही यायचा हो तो फारसा. ईएल८४ यायचा. ईसीसी८३ म्हणजे टेपरेकॉर्डर, नाहीतर लाउडस्पीकरवाल्यांची मशिनं." असं म्हणत त्यांनी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढला, त्यात व्हॉल्व्ह वर्तमानपत्रात गुंडाळलेले, आणि दोन ईसीसी८३ निघाले, बीईएलचे, एकाचं खोकंसुद्धा शाबूत. "टेस्टर बंद पडला माझा. घेऊन जा, लावून बघा, चालले तर पैसे द्या." किती म्हटलं तर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला स्वतःचीच लाज वाटायला लागली, मी त्याच्या दुप्पट दिले आणि तरी ते खूपच कमी होते. एक व्ही-वनला हिस्स करतो म्हणून व्ही-टूला आहे. दुसरा अतिशय शांत आहे आणि तो ईबेवर टाकून पैसे करावेत असं माझी बायको म्हणते.

ऑनलाइनवर मात्र एनओएसच्या नावाखाली काय येईल सांगता येत नाही. काचेवरचा शिक्का पुसून दुसरा मारणं सोपं आहे, आणि बोटाने पुसला जाणारा शिक्का खऱ्या जुन्या ट्यूबवरही असतो, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. जर्मन टेलिफंकनच्या खाली पिनांच्या मध्ये काचेतच उठवलेली पत्त्यांमधल्या चौकटच्या आकाराची खूण असते, ती शोधतात लोक, पण ती एका ब्रँडची झाली. एका विक्रेत्याने मला "न वापरलेली" म्हणून पाठवलेल्या ट्यूबचा चंदेरी डाग कडेने तपकिरी होऊन विरळ झालेला होता आणि पिनांवर सॉकेटचे ओरखडे. फोटो पाठवले तर म्हणे टेस्ट करताना आले. पैसे परत मिळाले पण त्यासाठी जे मेसेज करावे लागले ते इथे छापण्यासारखे नाहीत.

त्यामुळे माझी पद्धत साधी आहे. नवी ट्यूब, भारतातल्याच दुकानातून, कारण बाहेरून मागवली तर कस्टम आणि कुरियर धरून ट्यूबपेक्षा वरचा खर्च मोठा होतो आणि खराब निघाली तर परत कोण पाठवणार. ऑर्डर करायच्या आधी फोन करून विचारायचं, व्ही-वनसाठी हवीये, शांत बघून द्याल का, आणि खराब निघाली तर बदलून देता का. या दुसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याकडून नाही घ्यायची. आली की पहिल्याच दिवशी व्ही-वनमध्ये लावायची, जरी ती व्ही-थ्रीसाठी घेतलेली असली तरी, कारण तिचे सगळे अवगुण तिथेच दिसतात, आणि तासभर वाजवायचं. पिना वाकड्या असतील तर चिमट्याने हळूच सरळ करून मगच, घाई केली तर काचेला तडा जातो.

सध्या माझ्या ॲम्पमध्ये व्ही-वनला ५७५१, व्ही-टूला काकांचा बीईएल, आणि व्ही-थ्रीला ॲम्पबरोबर आलेली मूळ ट्यूब, जिला कुणी व्ही-वनमध्ये उभं करणार नाही. १२एवाय७ खोक्यात, दिवाळीत पाहुणे असताना वाजवायचं असेल तेव्हा निघते. १२एयू७ बासिस्ट घेऊन गेला, ऐरोलीला त्याच्या घरी हेडफोन ॲम्प आहे, त्यात मुळातच तीच लागते आणि तिथे ती म्हणे फार सुंदर वाजते. पैसे देतो म्हणालाय.